भासाची नोंद

पुण्यात दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या मैत्रिणीचा नवरा आहे. बाकीचे आपण सगळे समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत असतो, तीही नाइलाजाने. हे गृहस्थ मात्र हातातलं काम बाजूला ठेवून, समोरच्याच्या ओठांवर नजर लावून असे ऐकतात, की बोलणाऱ्यालाच आपण काहीतरी मोलाचं सांगतो आहोत असं वाटायला लागतं. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात पाण्यावरून सभा होते. हे सभेला आले की ती दोन तास लांबते, कारण यांच्याकडे बघून प्रत्येकाला पुन्हा एकदा बोलावंसं वाटतं. एका वर्षी अध्यक्षांनी शेवटी मोठ्या आशेने विचारलं, "मग आपलं काय मत पडलं?" हे म्हणाले, "मत काही नाही. पण त्या तिसऱ्या मजल्याच्या बाई पाणी 'बारीक येतंय' न म्हणता 'बारीक यायलंय' म्हणाल्या. माहेर लातूरकडचं असणार." तेवढं बोलून ते घरी गेले. माहेर लातूरचंच निघालं, पाणी मात्र अजून बारीकच येतं.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर त्यांना ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे मी त्यांना कधी नावाने ओळखलंच नाही. चाळीस वर्षं ते माझ्या मैत्रिणीचे यजमान आहेत. मैत्रीण जाऊन आता तीन वर्षं झाली, तरी कुणाशी ओळख करून देताना माझ्या तोंडून तेच निघतं. ऐकणारा मग हसतमुखाने विचारतो, "आणि मैत्रीण कुठे असते?" हा प्रश्न आला की आम्ही दोघंही दुसरीकडे बघतो.

त्यांचा व्यवसाय शब्दकोशाचा. शहराच्या मध्यभागी एका जुन्या इमारतीत एका मोठ्या कोशाचं कार्यालय आहे. तिथे ते ऐन विशीत शिकले, नोकरीला लागले, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन पुन्हा तिथेच जाऊन बसले. या कोशाचा एक नियम आहे. शब्दाच्या अर्थाखाली जे उदाहरण द्यायचं, ते संपादकाने डोक्यातून काढून चालत नाही. जिवंत माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य पाहिजे, आणि ते जागच्या जागी चिठ्ठीवर उतरवून त्याखाली बोलणाऱ्याचं नाव, वय आणि मूळ गाव लिहिलं पाहिजे. एवढ्यावर भागत नाही. पंधरा दिवसांनी त्याच माणसाकडे पुन्हा जाऊन तेच वाक्य पुन्हा ऐकायचं, याला पडताळणी म्हणतात. हा नियम केला कुणी ते कुणाला आठवत नाही. मला तर तो यांनीच केला असावा असा दाट संशय आहे, कारण बाकीचे लोक तो वाकवतात आणि हे एकटेच पाळतात.

चिठ्ठ्यांसाठी ते जुन्या लग्नपत्रिका वापरतात. पाठकोऱ्या पत्रिकेचे चार तुकडे करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. त्यामुळे त्यांच्या कुठल्याही चिठ्ठीच्या पाठीमागे कुणाच्या तरी लग्नाचा पाव हिस्सा असतो. एका बाजूला 'बोंबलणे: अकारण मोठ्याने ओरडणे' आणि दुसऱ्या बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. पत्रिका हातात पडली की ते आधी कागद बोटांनी चाचपून बघतात, मग मुलीचं नाव वाचतात. जाड, खडबडीत कागदावर लग्न करणाऱ्यांविषयी त्यांचं मत चांगलं नाही, शाई फुटते म्हणून.

आता माझी मैत्रीण यांच्या हाती कशी लागली ते सांगायला हवं. विश्रांतवाडीच्या पलीकडे, आळंदी रस्त्याला धरून आमचं गाव होतं. आता ते शहराच्या पोटात गेलंय आणि आमच्या वांग्यांच्या जागी पार्किंग आहे, पण तेव्हा विहिरीवर मोट चालायची. हे सायकलवर बसून मोटेचे शब्द गोळा करायला आले. आम्ही दोघी तेव्हा परकराच्या वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. मैत्रिणीच्या वडिलांना बोलायचा कंटाळा. ते बैलांशी बोलत तेवढंच. मग तिनेच यांना सगळं सांगितलं. मोटेचा दोर तो नाडा, पाणी पडतं ते थारोळं, बैल उतरतात ती धाव. ती सांगत होती आणि हे ऐकत होते. तिचं बोलणं तोवर कुणी असं ऐकलं नव्हतं, तिच्या आईनेसुद्धा नाही. चार खेपा झाल्या आणि पाचव्या खेपेला यांनी मोटेचं काही विचारलंच नाही. घरच्यांनी बराच आरडाओरडा केला, दोन्हीकडच्यांनी, आणि मग लग्न झालं. मोटेच्या त्या चिठ्ठ्या मात्र अजून कार्यालयात आहेत आणि त्यांच्यावर बोलणाऱ्याचं नाव म्हणून तिच्या वडिलांचं नाव आहे. जाणकार म्हणून घरातल्या कर्त्या माणसाचं नाव घालायचं, असाही एक नियम होता म्हणे.

लग्नात तिचं नाव बदललं. चांगुणाची मेधा झाली. ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिताना यांचा हात एका वळणदार 'ध'पाशी जरा रेंगाळला, ते मी पाहिलंय. सासूबाई कडक होत्या. ती 'हाय' म्हणाली की त्या 'आहे' म्हणायच्या, 'न्हाई' म्हणाली की 'नाही', आणि हे सगळं अगदी हळू आवाजात, पोळी लाटता लाटता. वर्षभरात माझी मैत्रीण छापल्यासारखं बोलायला लागली. ज्या बोलीसाठी हा माणूस आमच्या गावापर्यंत सायकल मारत आला, ती याच्या स्वयंपाकघरात वर्षभरात गेली आणि याला पत्ता लागला नाही. याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. माझ्याशी मात्र ती जुनंच बोलायची. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि पुढे तिच्याच सोसायटीत घर घेतलं. माझी शाळा सकाळची; दुपारी हे कार्यालयात असताना आम्ही दार लावून घ्यायचो आणि मनसोक्त 'हाय-न्हाई' करायचो. चारच्या सुमारास यांची स्कूटर खाली वाजली की ती पदर सारखा करावा तशी भाषा सारखी करायची.

तर कोशाचं काम अक्षराच्या क्रमाने चालतं; एका अक्षरातले शब्द मात्र मागेपुढे घेतले तरी चालतात. 'फ' आणि 'ब' संपवून हे 'भ'वर आले तेव्हा साठीच्या पुढे गेले होते. 'भूत' त्यांनी महिन्याभरात हातावेगळं केलं. मला म्हणाले, "भूत सोपं आहे बाई. ते असतं तरी किंवा नसतं तरी." पण 'भास' आला आणि गाडी रुतली. हा शब्द आपण सगळे येता-जाता वापरतो, आणि आपल्याला कधी काही अडचण आल्याचं ऐकिवात नाही. यांना मात्र तो संपेचना. भ्रम वेगळा आणि भास वेगळा, हे त्यांनी मला भाजी निवडताना समजावून दिलं. भ्रमाला निदान एक दोरी लागते, मग ती सापासारखी दिसते. भासाला काहीच लागत नाही. जिन्यात पाऊल नसतं आणि तरी पाऊल वाजतं. शिवाय पोथ्यापुराणांत भास म्हणजे उजेड. वर्तमानपत्रात प्रगतीचा भास, भाषणात समतेचा भास, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या भेळेत, त्यांच्याच टिपणाप्रमाणे, लिंबाचा भास. प्रत्येक अर्थाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला पडताळणी.

त्या दिवसांतली भाजीवालीची गोष्ट सोसायटीत अजून सांगतात. नाक्यावर हातगाडी लावणाऱ्या एका बाईंना कुणी तरी "मेथी एवढीशीच?" म्हणालं, आणि त्या फाडकन म्हणाल्या, "जुडी हाय ताई ती, जुडीचा भास न्हाई." हे शेजारीच उभे होते. झालं. खिशातून चिठ्ठी निघाली. "आपलं नाव? वय? मूळ गाव?" बाईंनी यांच्या शर्टाकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, महापालिकेचा अतिक्रमणवाला असणार असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या चौकात नेली. पंधरा दिवसांनी हे पडताळणीला गेले तर जागेवर बाई नाहीत. चार दिवस शोधून त्यांनी तो चौक काढला आणि समोर उभं राहून नम्रपणे म्हणाले, "तेच पुन्हा म्हणा." बाई तिसऱ्या चौकात गेल्या. शेवटी त्यांनी मला रस्त्यात गाठून हात जोडले, "बाई, त्या म्हाताऱ्या सायबाला सांगा, म्या काय बोलले न्हाई. मेथी फुकट न्या म्हणावं." चिठ्ठी रद्द करावी लागली. पडताळणीत वाक्य बदललं होतं ना.

नवी पिढी हा शब्द कसा वापरते ते बघायला ते खराडीला गेले. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या एका संगणकाच्या कंपनीत आहे, तिने त्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं. दोन बस बदलून गेले, डबा बरोबर. पोरांनी त्यांना सांगितलं, "सर, आमच्याकडे सगळंच व्हर्च्युअल. टीमपण व्हर्च्युअल." यांनी विचारलं, "आभासी नाही म्हणत?" तर एक जण म्हणाला, "नाही सर, ते पेपरमध्ये म्हणतात." यांनी चिठ्ठी केली: 'आभासी: फक्त पेपरात.' प्रत्येकाला मूळ गाव विचारल्यावर एका मुलीने घाबरत विचारलं, "सर, तुम्ही एचआरचे आहात का?" हे सगळं त्यांनी संध्याकाळी घरी येऊन आम्हाला फार रंगवून सांगितलं. मैत्रीण हसली, पण उठून बसली नाही. तेव्हा तिला उठवत नसे. ती अंथरुणाला लागून चौथा महिना होता आणि दुपारी तिच्याजवळ मी बसत असे. पुढे दोन महिन्यांनी ती गेली.

ती गेल्यावर मला वाटलं होतं, आता हे कार्यालयात जायचे थांबतील किंवा तिथेच राहायला जातील. तसं काही झालं नाही. फक्त पूर्वी चारच्या सुमारास, कधी उशिराही यायचे, ते आता रोज चारच्या आत घरी यायला लागले. कार्यालयातून उठून, भर कामातून, चारला घरी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "स्वयंपाकघरातून आवाज येतो." मी घाबरले. दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने कानात बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "आजोबा, भास वगैरे होतात का?" यांचा चेहरा उजळला. खिशातून चिठ्ठी काढून म्हणाले, "वैद्यकीय अर्थाने म्हणालात ना? आपलं मूळ गाव?" कान उत्तम आहेत असं डॉक्टरने सांगितलं. तो सातारचा निघाला.

परत येताना रिक्षात ते आपण होऊन बोलले. रिक्षाच्या आवाजात त्यांचं बोलणं नीट ऐकायला मला वाकावं लागत होतं. म्हणाले, "आवाज तिचाच आहे बाई. चार वाजता येतो. त्यात मला शंका नाही. पण वाक्य येत नाही. काहीतरी म्हणते, आणि काय म्हणते ते कळत नाही." मग म्हणाले, "मला तिचं एकही वाक्य आठवत नाही."

मला आधी ते खरं वाटलं नाही. छत्तीस वर्षांचा संसार! पण त्यांनी समजावलं, शास्त्र समजावावं तसं. कोशात काम करणाऱ्याच्या घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. घरचं माणूस ऐकून ऐकून कोशासारखं बोलायला लागतं, म्हणून. त्यामुळे छत्तीस वर्षांत त्यांनी तिच्या तोंडचं एक वाक्य टिपलं नाही. जे टिपलं नाही ते लक्षात ठेवायची त्यांना सवयच नाही. रिक्षावाल्यांची, न्हाव्यांची, भाजीवाल्यांची, सभेत भांडणाऱ्यांची कपाटंच्या कपाटं वाक्यं त्यांच्याकडे आहेत, नाव-गावासकट. तिचं काही नाही. तिने चहा विचारला असेल, औषध घेतलं का विचारलं असेल, पण नेमकं कोणत्या शब्दांत, ते गेलं. मी रिक्षातून बाहेर बघत राहिले. त्यांची कीव आली म्हणावी तर राग जात नव्हता, आणि रागवावं तर माणूस समोर असा बसलेला.

मध्यंतरी कार्यालयातून मला फोन यायला लागले. संपादक म्हणाले, "बाई, तुमचं ऐकतील म्हणून सांगतो. 'भ'चा खंड छपाईला जायचा आहे. सगळ्या नोंदी आल्या, एक 'भास' अडकलाय. महिनाअखेर नाही आली तर आम्ही जुन्या कोशातून उचलून टाकू." यांच्या आयुष्यात याहून मोठा अपमान शक्य नव्हता. मी तडक त्यांच्याकडे गेले. टेबलावर बेचाळीस चिठ्ठ्या मांडलेल्या, सगळ्या पडताळलेल्या. मी म्हटलं, "मग घोडं अडलंय कुठे?" त्यांनी पहिल्या अर्थाखालची रिकामी जागा दाखवली. 'काही नसताना काही असल्यासारखं वाटणं.' तिथे उदाहरण नव्हतं. त्यांना तिथे तिचं वाक्य हवं होतं. आता ती घरचं माणूस नाही, म्हणजे नियमाने चालेल, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं. "आणि तुम्ही तिच्याशी रोज बोलायचात. तुम्हाला आठवत असेल."

मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन थाप मारली. गणिताची मास्तरीण, घडवलेली उदाहरणं द्यायची सवय. म्हटलं, "ती एकदा म्हणाली होती, 'जिन्यात यांची पावलं वाजल्याचा भास होतो आणि मी उगीच दार उघडते.'"

त्यांनी ते लिहून घेतलं. वाचलं. मग पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे वाक्य तुमचं आहे बाई."

"कशावरून?"

"'उगीच' तुमचा. तुम्ही सारखा म्हणता. ती उगीच काही करत नसे." मग त्यांनी विचारलं, "ती तुमच्याशी असंच बोलायची का हो? माझ्याशी बोलायची तसं?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. आणि माझा इतके दिवस दाबलेला राग उसळून वर आला. मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही. ती माझ्याशी आमच्या गावचं बोलायची. ऐकायचंय? तुम्ही खराडीला गेला होतात त्या दुपारी काय म्हणाली ते सांगते. झोपून होती. एकदम मान उचलली आणि म्हणाली, 'गाडी वाजल्यावानी झाली गं. बघ की जरा. ह्ये आलं असतील, दारात हुबं ठिवू नगंस.' मी उठून दार उघडलं. कुणी नव्हतं. पाऊण तासाने पुन्हा तेच म्हणाली. मी पुन्हा उघडलं. त्या दुपारी मी चार वेळा दार उघडलं."

बोलून झाल्यावर मला भयंकर वाईट वाटलं. ते म्हणाले, "यात भास हा शब्द नाही."

"नाही. तिच्या तोंडी तो कधीच नव्हता."

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले. मला वाटलं पडताळणी. मी पुन्हा म्हटलं, आणि वाक्य एका शब्दानेही बदललं नाही. त्यांनी नवी चिठ्ठी घेतली आणि ते जसंच्या तसं उतरवलं, 'वाजल्यावानी', 'हुबं', सगळं. मग नावाच्या रकान्यापाशी हात थांबला. मला विचारलं, "तुम्ही तिला काय म्हणायचात?" मी म्हटलं, "चांगू." त्यांनी 'चांगुणा' लिहिलं, त्यापुढे वय, आमच्या गावाचं नाव. वडिलांचं नाव लिहिलं नाही. ती चिठ्ठी त्यांनी नोंदीत लावली नाही, शब्दच नव्हता त्यात. खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी बेचाळीस चिठ्ठ्यांनिशी 'भास' कार्यालयात पोचता केला, आणि त्या रिकाम्या जागी सातारच्या डॉक्टरचा प्रश्न घातला. संपादकांनी मला फोन करून आभार मानले.

त्या आठवड्यापासून ते दर गुरुवारी दुपारी माझ्याकडे यायला लागले. दार सताड उघडं ठेवून आम्ही बसतो, कारण सोसायटी पुण्यातली आहे. ते खिशातून चिठ्ठ्या काढतात आणि मी तिची वाक्यं सांगते. सुरुवातीला भराभर सांगितली. ती पावसाला काय म्हणायची, सासूबाईंना पाठीमागे काय म्हणायची. एकदा धीर करून हेही सांगितलं: "आमचं ह्ये समद्या जगाचं आयकत्यात, अन् घरात आलं की कान खुटीला लावत्यात." त्यांनी ते तितक्याच शांतपणे लिहिलं, पंधरा दिवसांनी पडताळून घेतलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे." वाक्य बरोबर की म्हणणं बरोबर, ते काही बोलले नाहीत.

मग माझ्या लक्षात आलं, की आपला साठा काही अक्षय नाही. मी हात आखडता घेतला. एका गुरुवारी दोन, मग एकच. ते एका वाक्यासाठी दोन जिने चढून येत आणि तेवढं घेऊन, चहा पिऊन जात. मधले सहा दिवस मी तिचं काय काय आठवतंय ते चाळत बसे. घरात दुसरं बोलायला कुणी नसतं, आठवायला वेळ पुष्कळ. तरी एके दिवशी हिशेब संपला. गेल्या महिन्यातली गोष्ट. ते आले, बसले, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली. मी म्हटलं, "आज काही नाही. संपलं सगळं. घडवून सांगता येईल, पण तुम्ही ओळखाल."

"ओळखेन," ते म्हणाले.

ते उठले नाहीत. मीही उठले नाही. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. यापुढे गुरुवारी हे कशाला येतील आणि गुरुवारी मी काय करेन, हे दोन्ही माझ्या मनात एकदमच आलं, आणि ते लपवायला मी समोरच्या कपबशा उगीचच सरळ करत बसले. ते म्हणाले, "बाई, आपलं मूळ गाव?"

"माहीत आहे की तुम्हाला."

"चिठ्ठीवर लिहायचं तर विचारावं लागतं."

मी गाव सांगितलं. चाळीस वर्षांत या माणसाने माझं एक वाक्य टिपलं नव्हतं, कारण मी शुद्ध बोलते. शाळेत 'हाय' म्हटलं की हातावर पट्टी बसायची. पुढे मीच पोरांना त्यासाठी बाकावर उभं केलंय. "बोला मग," ते म्हणाले. मला काही बोलता येईना. ती गेल्यापासून ते बोलणं मी कुणाशी बोलले नव्हते. बोलणार कुणाशी? जीभ जड झाली होती आणि त्यांच्या तोंडासमोर तर लाजच वाटत होती. म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांच्याकडे पाठ केली, आधण ठेवलं आणि भिंतीकडे बघत जरा मोठ्याने म्हटलं, "च्या आजून घेनार हाय का? त्यो गार झाला आसंल."

मी वळून पाहिलं. पेन बंद होतं, चिठ्ठी कोरी होती, आणि ते डोळे मिटून बसले होते. ते माझं ऐकत नव्हते, हे मला कळलं. कुणाचं ऐकत होते तेही कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण खरं सांगायचं तर माझ्याही कानाला तो आवाज माझा वाटला नव्हता. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा म्हटलं.

"टाक थोडा," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत ते मला कधी एकेरी बोलले नव्हते. मी थोडा टाकला.